वाण्याची विद्या

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी पूजा असे, पण माझे लक्ष घरात नसे. सांगलीच्या गणपती पेठेत, आमच्या बोळाच्या तोंडाशीच, हळदीची एक अडत होती. तिथे त्या दिवशी पांढऱ्याशुभ्र गादीवर नव्या वह्या मांडीत. लाल कापडाच्या बांधणीच्या त्या लांबट वह्यांना एक वास असे. खळ, कापड आणि हळद यांचा मिळून झालेला तो वास मला उदबत्तीपेक्षा अधिक पवित्र वाटे. शेठजी पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक काढीत, मुनीमजी त्याखाली ठसठशीत 'श्री' लिहीत, आणि मग आम्हां पोरांच्या हातावर बत्तासे पडत.

माझे अक्षर बरे होते. मी नऊ वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत चार-सहा दुपारी त्या पेढीवर जाऊन बसलो. रुपये, आणे आणि पै अशा तीन रकान्यांची बेरीज एका दमात कशी उतरवायची ते मुनीमजींनी मला शिकवले. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. तेव्हा हातचे धरायचे तेही दोन तऱ्हांनी. 'रामः रामौ रामाः' घोकताना जी गंमत कधी वाटली नव्हती ती मला त्या रकान्यांत वाटली. शेठजी एकदा पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तरांचा धाकटा हुशार आहे. यंदा वहीतला पहिला 'श्री' ह्याच्या हातचा."

मी धावत घरी आलो. आमचे अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवीत. त्यांनी हातातले पुस्तक पालथे ठेवले. रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "वाण्याची विद्या शिकायला तुला कुणी पाठवलं?" दुसऱ्या दिवसापासून माझे पेढीवर जाणे बंद झाले. त्या वर्षीचा 'श्री' मुनीमजींनीच लिहिला. मी आईचा पदर धरून बोळातून पाहत होतो.

पुढे घरच्या ओढाताणीमुळे मला कॉमर्सला जावे लागले, आणि एकतीस वर्षे मी शाळेत जमाखर्चच शिकवला. थोरला भाऊ इंग्रजीचा प्राध्यापक झाला. कुणी पाहुणा आला की अण्णा त्याची ओळख थाटाने करून देत आणि माझ्याकडे वळून म्हणत, "धाकटा शाळेत असतो." काय शिकवतो ते त्यांच्या तोंडून कधी आले नाही. हे मला लागत असे. आज ऐंशी ओलांडली तरी लागते.

हे सगळे उकरून काढण्याचे कारण एक जुने पुस्तक. निवृत्तीच्या सुमारास पुण्याला रस्त्यावरच्या रद्दीत फुकुझावा युकिची नावाच्या जपानी गृहस्थांच्या आत्मचरित्राचे इंग्रजी भाषांतर मिळाले. बसमध्ये वाचायला म्हणून घेतले, आणि सातारा येण्यापूर्वीच मी चमकून थांबलो. फुकुझावांचे वडील सामुराई, म्हणजे आपल्या भाषेत शिलेदार. पण खालच्या दर्जाचे. नाकात्सु संस्थानची ओसाका शहरात जी कोठी होती तिच्यावर त्यांची नेमणूक. काम काय, तर सावकारांशी बोलून संस्थानच्या कर्जाची व्यवस्था पाहायची. जीव मात्र कन्फ्यूशियसच्या ग्रंथांत. त्यांनी आपली थोरली मुले अक्षर वळवायला एका पंतोजींकडे पाठवली. व्यापाऱ्यांच्या गावचे ते पंतोजी; त्यांनी मुलांना बे दुणे चारही शिकवले. वडिलांना हे कळले मात्र, ते संतापले. निष्पाप पोरांना आकडे शिकवायचे? हे तर वाण्यांचे काम! मुलांना त्यांनी तिथून काढून घेतले.

मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत बसलो. हा मनुष्य १८३६ साली वारला. आणि माझे अण्णा, इतक्या अंतरावर, त्याच शब्दांत बोलले होते!

त्या दिवसापासून मला एक छंद लागला. ज्या देशात बे दुणे चार ऐकून बाप संतापत, त्याच देशात पन्नास वर्षांत व्यापाराच्या शाळा निघाल्या, त्या कशा? मिळेल ते वाचत गेलो. त्यातले थोडे वाचकांना सांगावे असे वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे जपानी व्यापाऱ्याला विद्या नव्हती असे मुळीच नव्हे. समाजाच्या उतरंडीत सामुराई वर, मग शेतकरी, मग कारागीर, आणि सर्वांत तळाशी व्यापारी. पण गावोगाव 'तेराकोया' नावाच्या शाळा होत्या, थेट आपल्या पंतोजींच्या शाळांसारख्या. तिथे व्यापाऱ्यांची पोरे 'शोबाई ओराई' नावाचे वाचनपुस्तक गिरवीत. ते निघाले १६९४ साली. माल, मापे, नाणी, कापडाचे प्रकार, असे दुकानात लागणारे शब्दच शब्द त्यात ओवलेले. 'सोरोबान' म्हणजे मण्यांची पाटी. तिच्यावरचे गणित शिकवणारे 'जिंकोकी' हे पुस्तक त्याहून जुने, १६२७ चे. मग दहा-बारा वर्षांचा पोरगा पेढीवर 'देच्ची' म्हणून राही. झाडलोट करी, निरोप पोचवी आणि पाहत पाहत वर चढे. क्योटोत इशिदा बाइगान नावाचे गृहस्थ असेच पेढीवर उमेदवारी करून शहाणे झाले आणि १७२९ पासून स्वतःच्या घरी फुकट प्रवचने देऊ लागले. सामुराईला जसा तनखा तसा व्यापाऱ्याला नफा, त्यात पाप कसले, असे ते सांगत.

आणि त्यांची वही! तिला 'दाईफुकुचो' म्हणत, म्हणजे महाभाग्याची वही. जाडजूड, दोरीने ओवलेली, दुकानात लटकवून ठेवलेली. नव्या वर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात नव्या वह्या शिवून त्यांचा छोटासा सण करीत. आग लागली तर मालक आधी ही वही विहिरीत टाकी आणि मग बाहेर पळे, असे तिकडे सांगतात. कागद चिवट, शाई पक्की. राखेतून दुकान उभे करताना कुणाकडून किती येणे ते वहीच सांगे. हे वाचले तेव्हा मला हळदीचा वास आला.

मग १८६८ साली राज्य पालटले. नव्या सरकारने १८७२ मध्ये शिक्षणाचा कायदा केला. त्याच्या प्रास्ताविकात, विद्या हे माणसाला उभे राहण्याचे भांडवल आहे, अशा अर्थाचे वाक्य आहे. भांडवल! पेढीवरचा शब्द सरकारी फर्मानात येऊन बसला. गंमत अशी की याच कायद्याने शाळेतून मण्यांची पाटी काढून विलायती पद्धतीचे लेखी गणित आणायचे ठरवले होते. पण लोकांना ते पचेना आणि सोरोबान लवकरच मागल्या दाराने वर्गात परत आली.

इकडे १८७६ मध्ये सामुरायांना कमरेची तलवार बंद झाली, आणि त्यांचे वंशपरंपरेचे तनखे रोख्यांत बदलून मिळाले. अनेकांनी त्या पैशांवर दुकाने टाकली आणि बुडवली. गिऱ्हाईक आले तर मान लवत नाही, उधारी मागायला जीभ वळत नाही. 'सामुरायाचा व्यापार' ही जपानी भाषेत म्हणच होऊन गेली. आपल्याकडे मराठी माणसाच्या दुकानाविषयी जे विनोद चालतात तेही याच जातीचे. मित्सुबिशीच्या इवासाकींविषयी एक आख्यायिका आहे. त्यांच्या पेढीवरच्या एका सामुराई अधिकाऱ्याला गिऱ्हाइकापुढे वाकणे जड जाई. इवासाकींनी त्याला सोन्याच्या नाण्याचे चित्र असलेला पंखा दिला आणि सांगितले, माणसापुढे नको, ह्या नाण्यापुढे वाकतो आहेस असे समज. गोष्ट खरी असो वा नसो, दुखणे नेमके कुठे होते ते तिच्यावरून कळते.

त्या दुखण्यावर फुकुझावांनी हात घातला. हा मनुष्य लहानपणापासूनच धीट. त्यांच्या गावी सामुराई बाजारहाट करायचा तो रात्री, तोंड झाकून. हे दिवसाढवळ्या, कमरेला तलवारी लावून दारूची बाटली घेऊन येत. पुढे त्यांनी केइओ ही शाळा काढली, पुस्तकांवर पुस्तके लिहिली. इंग्रजी अर्थशास्त्रातल्या 'कॉम्पिटिशन' या शब्दासाठी जपानी शब्द त्यांनीच घडवला, तर त्यात 'भांडण' या अर्थाचे अक्षर आहे म्हणून जुन्या राजवटीचा एक अधिकारी अडून बसला. शेवटी तेवढा शब्द काळ्या शाईने खोडून कागद पुढे पाठवावा लागला. १८७३ साली त्यांचे 'चोआई नो हो', म्हणजे जमाखर्चाची रीत, हे पुस्तक निघाले. ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांच्या एका अमेरिकन शालेय पुस्तकाचे ते भाषांतर. पहिल्या भागात एकेरी नोंद. दुहेरी नोंदीचा भाग पुढच्या वर्षी आला. विद्वान तेवढा दरिद्री आणि पैसेवाला तेवढा अडाणी, ही आपल्या देशाची रीत मोडली पाहिजे, असा प्रस्तावनेचा रोख.

भाषांतर करताना केवढी पंचाईत! जपानी लिहितात वरून खाली, आणि विलायती जमाखर्च आडवा. आकडे लिहिताना ते दहा, शंभर, हजार यांची चिन्हेही मध्ये घालीत. तसे लिहिले तर रकान्याची बेरीज कशी व्हावी? फुकुझावांनी आकडे आपल्या लिपीतच ठेवले, उभेच मांडले, पण मधली चिन्हे काढून टाकली आणि स्थानावरून किंमत ठरवली. डेबिट-क्रेडिटसाठी त्यांनी ऋण घेणे आणि ऋण देणे या अर्थाची दोन साधी अक्षरे वापरली. जपानी मुले आजही 'कारिकाता' आणि 'काशिकाता' असेच म्हणतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांप्रमाणेच पहिले सहा महिने त्यांची अदलाबदल करीत असणार. एकतीस वर्षे हे फळ्यावर लिहिले आहे. या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानावा.

आता खरी मौज. ह्याच फुकुझावांनी आत्मचरित्रात कबूल केले आहे की, पुस्तक लिहिले खरे, पण प्रत्यक्ष जमाखर्च आपल्याला जमत नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या वह्याही नीट उलगडत नाहीत. १९८४ पासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचे चित्र होते. २०२४ मध्ये त्यांच्या जागी शिबुसावा एइइची आले. १८७३ साली सुरू झालेल्या जपानच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेचे प्रवर्तक. त्याच साली शँड नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने जपानी सरकारसाठी बँकेच्या जमाखर्चावर ग्रंथ लिहिला. शिबुसावांना हिशेब पक्का येत होता, आणि कन्फ्यूशियसही येत होता. एका हातात 'संवाद' ग्रंथ आणि दुसऱ्या हातात सोरोबान, हे त्यांचे जन्मभराचे सांगणे.

शाळा निघाली ती १८७५ साली. मोरी आरिनोरी हा सात्सुमाचा तरुण सामुराई अमेरिकेत जपानचा वकील होता. तिथे गल्लोगल्ली व्यापारी शाळा पाहून त्याच्या मनाने घेतले. वर्गणी मागण्याचे आवाहन फुकुझावांनी लिहून दिले. तलवारीने लढण्याच्या काळी तलवारबाजी शिकल्यावाचून कुणी रणात गेला नाही, मग व्यापाराने लढण्याच्या काळी व्यापार शिकल्यावाचून कसे चालेल, असा त्याचा आशय. सामुरायाला त्याच्याच भाषेत सांगितले, हे कौशल्य मला फार आवडते. आणि जागा मिळाली कुठे? टोकियोच्या गिन्झा भागात, एका दुकानाच्या माडीवर. खाली ताई नावाचा मासा घालून केलेले, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे तोंडीलावणे विकले जाई. वर अमेरिकन जमाखर्च, खालून तो वास! मला गणपती पेठ आठवली नसती तरच नवल.

शिकवायला न्यू जर्सीतल्या व्यापारी शाळेचे व्हिटनी मास्तर बायकामुलांसह आले. येऊन पाहतात तो शाळेचा पत्ता नाही, पगाराची निश्चिती नाही. परक्या देशात पाच माणसांचा संसार घेऊन बसलेल्या ह्या मास्तराला पैशांची मदत केली ती कात्सु काइश्यू यांनी. जुन्या राजवटीचे हे मुरब्बी सामुराई मुत्सद्दी. व्हिटनींची मुलगी क्लारा तेव्हा पंधराच्या आतबाहेर होती. ती रोजनिशी लिही आणि ती आज छापलेली आहे. पुढे तिने कात्सुंच्याच मुलाशी लग्न केले. जमाखर्चाच्या शाळेने असेही खाते उघडले.

शिकवणे इंग्रजीतून. पण त्यातला एक भाग मला अजून मोह घालतो. वर्गातच बाजार मांडायचा. एका टेबलाशी बँक, दुसऱ्याशी घाऊक पेढी, तिसऱ्याशी जकात. खोट्या नोटा, मालाच्या चिठ्ठ्या. मुले एकमेकांना माल विकीत, हुंड्या वटवीत, आणि त्याचा खरा जमाखर्च ठेवीत. सामुरायांची पोरे तिथे गिऱ्हाईक झाली, दुकानदार झाली, आणि एकमेकांपुढे वाकली. मी एकदा माझ्या दहावीच्या वर्गात हा खेळ मांडला होता. गोंगाट फार झाला. शेजारच्या वर्गातले संस्कृतचे शिक्षक दारात येऊन उभे राहिले.

शाळा सुखाने चालली असे नव्हे. ती टोकियो शहराच्या पदरी गेली, आणि १८८१ मध्ये तिथल्या सभेने तिचा खर्चच नामंजूर केला. यानो जिरो हे मुख्याध्यापक दारोदार फिरले, सरकारच्या शेती-व्यापार खात्याने हात दिला, म्हणून वाचली. त्याच सुमारास कोबे, ओसाका, योकोहामा या बंदरांतही अशा शाळा निघाल्या. १८८५ मध्ये टोकियोची शाळा शिक्षणखात्याकडे आली आणि परकीय भाषांची एक शाळा तिच्यात मिसळून टाकण्यात आली. त्या भाषाशाळेत रशियन शिकणारा हासेगावा नावाचा सामुराई घराण्यातला विद्यार्थी होता. आपल्याला व्यापाराच्या शाळेत कोंबले, हे त्याला सोसेना. पदवी तोंडाशी आली असता १८८६ मध्ये तो नाव काढून निघून गेला. पुढच्याच वर्षी फुताबातेई शिमेई या नावाने त्याने जी कादंबरी लिहायला घेतली ती जपानची पहिली आधुनिक कादंबरी मानतात. दिवाळी अंकाच्या वाचकांची सहानुभूती त्याच्याकडेच जाणार, हे मी जाणतो. माझीही थोडी जाते. पण तो वर्गातून उठला तेव्हा मागे बसून राहिलेल्या मुलांना काय वाटले असेल, हा विचारही माझ्या मनातून जात नाही.

त्या मुलांच्या धाकट्या भावंडांनी उत्तर दिले ते १९०९ साली. तोवर शाळा 'उच्च व्यापारी विद्यालय' झाली होती आणि तिथे वरच्या अभ्यासाचा एक विशेष वर्ग चाले. सरकारने ठरवले की टोकियोच्या शाही विद्यापीठात कायद्याच्या विभागात व्यापाराचा एक कोपरा काढावा आणि हा विशेष वर्ग बंद करावा. मे महिन्यात शेकडो विद्यार्थ्यांनी एकदम नावे काढून शाळेचा निरोप घेतला. व्यापार ही कायद्याच्या माजघरात राहणारी आश्रित नव्हे, तिला स्वतःचे घर हवे, एवढेच त्यांचे म्हणणे. सत्तरीला टेकलेले शिबुसावा मध्ये पडले, व्यापारी मंडळांनी समजूत घातली, आणि मुले परत आली. १९१२ मध्ये सरकारने आपला हुकूम मागे घेतला. १९२० मध्ये ती शाळा स्वतंत्र विद्यापीठ झाली आणि १९४९ पासून तिचे नाव हितोत्सुबाशी. फुताबातेई रशियाहून परत येताना बंगालच्या उपसागरात बोटीवर वारला, तो त्याच मे महिन्यात.

मुलींचे सांगायचे राहिलेच. काएत्सु ताका या बाईंनी १९०३ साली टोकियोत मुलींसाठी व्यापारी शाळा काढली. रागावू नका, काम करा, हे त्यांचे ब्रीद. माझ्या वर्गात शेवटच्या दहा वर्षांत मुलीच अधिक असत आणि ताळेबंद त्यांचाच आधी जमे.

आपला आणि या कथेचा धागा रुईचा. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले, शिबुसावांना भेटले, आणि त्याच नोव्हेंबरात मुंबईची रुई नेण्यासाठी मुंबई-कोबे जपानी बोटींची फेरी सुरू झाली. विलायती कंपनीने भाडे पार खाली पाडून पाहिले, फेरी टिकली. तिची बिले, विमे, हुंड्या लिहायला कोबेला कोण बसले असेल? मला आपली ती माडीवरची, वर्गात बाजार मांडणारी मुले दिसतात. मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले १९१३ मध्ये. आशियातले पहिले कॉमर्स कॉलेज म्हणून आम्ही त्याचा गौरव करतो, करावा. गिन्झातली शाळा तेव्हा अडतीस वर्षांची होती, एवढेच हळूच सांगून ठेवतो.

अण्णांना हे काही सांगता आले नाही. मी हे वाचले तेव्हा त्यांना जाऊन वीस वर्षे होऊन गेली होती. पण एक गोष्ट त्या बसमध्ये आठवली ती अशी. वर्गशिक्षक म्हणून त्यांना दर महिन्याला फीचा हिशेब द्यावा लागे, आणि तो कधीच जमत नसे. मी कॉलेजात गेलो त्या वर्षापासून ते पत्रक रात्री माझ्या टेबलावर येऊन पडे. कुणी काही बोलत नसे. मी ताळा जमवून ठेवी, सकाळी ते उचललेले असे. ते निवृत्त झाले तेव्हा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद आला. तो मात्र त्यांनी हातात आणून दिला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली.

"हे जरा पाहा बरं. तुझ्या विद्येतलं आहे."

मी समजावून सांगू लागलो. मध्येच त्यांनी विचारले, "एकच रक्कम दोनदा का लिहायची?" मी सांगितले की एक देतो तेव्हा दुसरा घेतोच, म्हणून दोन्हीकडे लिहायची, जे येते ते नावे, जे जाते ते जमा. अण्णांनी चष्मा काढून पुसला. "जातं ते जमा?" ते म्हणाले. मी पुन्हा सांगितले. आईने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. तासभर आम्ही दोघे त्या कागदावर वाकून बसलो होतो. पण अण्णांना ते शेवटपर्यंत उलटेच वाटत राहिले.